ओंजळभर पाणी

“मग माझं चुकलं कुठं, महाराज?”

प्रश्न नरहरचा होता. पूर्णाश्रम स्वामींच्या मठात तो वैद्यकी शिकला. वादात त्याला हरवणारा शिष्य तिथं दुसरा नव्हता. पुढं गावी जाऊन त्यानं नाव कमावलं. आज तो भर उन्हात नदीकाठानं चालत आला होता, आणि आल्या आल्या भांडायलाच बसला होता.

गेल्या उन्हाळ्यात त्याचे वडील, आबा, वारले. तेव्हापासून सख्खा भाऊ त्याच्याशी बोलत नव्हता.

स्वामी म्हणाले, “पाण्याचे गुण सांग.”

नरहर ताठ बसला. “पाणी विरघळवतं. वाहून नेतं. ताप शोषून घेतं. मुळांतून शेंड्यापर्यंत तेच चढतं, रक्तातून अन्नाचा रस तेच पोचवतं. त्याच्यावाचून मुंगी जगत नाही, की वड जगत नाही.”

“आणि?”

“आणि देहात साचलं, की तेच मारतं. आबांचं पोट फुगलं होतं. पायावर बोट दाबलं की खळगा तसाच राहायचा. मी पाणी तोडलं. दिवसाला मोजके घोट... तुम्हीच शिकवलंत.”

“शिकवलं. बरोबरच आहे ते.”

नरहरचा चेहरा उजळला. “हेच भावाला सांगा, महाराज.”

स्वामींनी हो म्हटलं नाही, की नाही म्हटलं नाही.

“शेवटच्या दिवशी आबा काय म्हणाले?”

“...पाणी मागितलं.”

“नाडी?”

“हाताला लागत नव्हती.”

“म्हणजे ते आता जाणार, हे तुला कळलं होतं.”

नरहर दाराकडं बघू लागला. बाहेर नदीवर कुणीतरी धुणं आपटत होतं.

“मग तू काय केलंस?”

“समजावून सांगितलं त्यांना.”

“काय सांगितलंस?”

“...पाण्याचे गुण.”

“ऐकले त्यांनी?”

“सगळे ऐकले.” नरहरचा आवाज खाली गेला. “मग म्हणाले, ‘फार शिकलास रे पोरा.’ आणि भिंतीकडं तोंड केलं.”

स्वामी उठले. त्यांनी अंगावरच्या छाटीचं टोक कमंडलूतल्या पाण्यात बुडवलं, आणि उन्हानं फुटलेल्या नरहरच्या ओठांवरून ते हळूच फिरवलं.

नरहरची जीभ आपोआप बाहेर आली. लहान मुलासारखं त्यानं ते ओलं टोक चोखलं... आणि एकदम थांबला.

“एवढ्यानं...” तो म्हणाला. “एवढ्यानं काही बिघडलं नसतं.”

स्वामी पुन्हा खाली बसले.

“तांब्या तिथंच होता, महाराज. त्यांची नजर सारखी तिकडं जायची, म्हणून मी तो उचलून परसात नेऊन ठेवला.”

त्याला पुढं बोलवेना. मठाच्या भिंतीला डोकं टेकून तो खूप वेळ रडला. स्वामी त्याच्याजवळ नुसते बसून राहिले.

उन्हं कलली. नरहरनं डोळे पुसले. जायला उठला, आणि दारातच अडखळला.

“परवा आबांचं वर्षश्राद्ध आहे. ओंजळीनं पाणी सोडायचं आहे त्यांना... कोणत्या हातांनी सोडू?”

स्वामींनी त्याच्याकडं पाहिलं. त्यांचेही डोळे भरले होते.

“सोड रे बाळा. ओंजळ भरभरून सोड. आता पाणी बाधायचं नाही त्यांना.”