म्हाळू नावाड्याच्या दोन गोष्टी

नद्यांवर अजून पूल झाले नव्हते, तेव्हाची ही गोष्ट. लहानांनी ऐकावी, मोठ्यांनीही कान द्यावा.

एका नदीकाठच्या गावात सगुणा नावाची बाई राहत होती. तिचा बाप म्हाळू त्याच नदीवर होडी चालवायचा. सगुणा पाळण्यात होती तेव्हा मोठा पूर आला आणि त्या पुरात म्हाळू गेला. आई त्याच्याही आधी गेलेली. मामीनं पोर वाढवली आणि गावातच तिचं लग्न लावून दिलं.

बापाचा चेहरा सगुणाला आठवत नव्हता. तिला ठाऊक होती ती फक्त गोंदाजीची गोष्ट.

गोंदाजी म्हणजे गावातला गप्पिष्ट म्हातारा. तो पारावर बसला, की चार माणसं जमायचीच. मग तो सुरू करायचा, "पूर चढला आणि आमचे म्हाळूराव लागले थरथरायला! आम्ही घाटावरून ओरडतोय, 'अरे, ही धान्याची पोती तेवढी होडीत घे!' पण ऐकतो कोण? 'आई गं, मेलो गं' करत गड्यानं रिकामी होडी पाण्यात लोटली आणि शेपूट घालून पळाला. पळून जाणार कुठं? नदीनं गाठलाच!"

वल्ही मारणाऱ्या थरथरत्या हातांची तो अशी नक्कल करायचा, की माणसं पोट धरून हसायची. लहानपणी सगुणाही हसली होती. कळायला लागल्यावर मात्र तिनं पाराची वाट टाकली.

पुढे सगुणाला मुलगा झाला. त्याला बापाचं नाव ठेवावं, असं तिच्या मनात होतं. सासू वाईट नव्हती, पण ती म्हणाली, "अगं, गाव ज्या नावाला हसतं, ते पोराच्या कपाळी कशाला?" सगुणाला दुसरं नाव सुचेना. बारसं लांबत गेलं.

अशातच गावाच्या शेतांत धनगरांचा तळ पडला. सासूनं त्यांच्यासाठी ज्वारी दिली. ती घेऊन, मूल कडेवर घेऊन सगुणा तळावर गेली. तिथली म्हातारी बिराबाई नदीकडे तोंड करून हात जोडत होती.

"नदीला नमस्कार करता होय, आजी?"

"नदीला न्हाई गं. नदीत गेलेल्या देवाला." म्हातारीनं डोळे पुसले. "मी तवा चार लेकरांची आय व्हते. पल्याडच्या खोलगट कुरणात आमचा तळ व्हता. पाणी चारी अंगांनी आलं. बायापोरं झाडाला बिलगली. अन् पावसातून एक होडी आली, रिकामी. तो नावाडी न्हवंच, देव! तोंडावर भीतीची रेघ न्हाई. पोरं उचलली, टेकडावर सोडली. पुन्हा आला, पुन्हा होडी भरली. शेवटाला माझी सासू राहिली व्हती. तिला आणाया गेला, तो दोघंबी परत आली न्हाईत. नाव इचारायचंबी राहून गेलं. आमी पुढं निघून गेलो. आज इतक्या वर्सांनी या काठाला पाय लागलं."

सगुणा ज्वारी तिथंच ठेवून घरी आली. त्या नदीवर होडी एकच होती, आणि तसा पूरही एकदाच आलेला.

त्या दिवशी तिनं आमटीत दोनदा मीठ घातलं. मूल रडत होतं, ते तिला ऐकूच आलं नाही. बिराबाईची गोष्ट खरी असावी, असं तिला फार वाटत होतं. पण गोंदाजी चेष्टेखोर असला, तरी खोटारडा नव्हता. 'मेलो गं' हे त्यानं आपल्या कानांनी ऐकलं होतं. मग बाप देव होता, तर थरथरत कोण होतं? आणि थरथरत होता, तर त्या पोरांना उचललं कुणी? एक बाप धरावा, तर दुसरा हातातून निसटे.

शेवटी ती उठली आणि कितीतरी वर्षांनी पारावर गेली. तिला पाहून गोंदाजी ओशाळला.

"काका, नक्कल नको," ती म्हणाली. "पूर आला, तेव्हा तुम्ही कुठं उभे होता, तेवढं सांगा."

"घाटाच्या वरच्या पायरीवर."

"होडी कुठवर दिसली?"

"थोडीच. पुढं पाऊस असा, की काही दिसेना."

"मग ते पळाले, हे तुम्हाला कसं कळलं?"

गोंदाजी हळूच म्हणाला, "घाबरला होता ना, पोरी. घाबरलेला माणूस पळतोच, असं वाटलं."

तिथून ती तडक तळावर गेली. "आजी, तो नावाडी काही बोलला का हो?"

"बोललाबी असंल. पाण्याच्या आवाजात कुणाला ऐकू येतंय?"

"त्याचे हात थरथरत होते का?"

बिराबाईनं आपल्याच दंडाला हात लावला. "इथं धरलं व्हतं त्यानं मला. हात कापत व्हता खरा. मला वाटलं, थंडीनं. कुणाला सांगत न्हाई मी ते. देवाचा हात कापला, म्हणून कसं सांगावं?"

सगुणा रडू लागली. "आजी, तो माझा बाप होता. देव नव्हता. त्याला फार भीती वाटत होती. आईला हाका मारत होता, आणि तरीही आला."

म्हातारीनं तिला कुशीत घेतलं. मग तिचा हात धरून ती पारावर आली आणि सगळ्या गावापुढं तिनं आपली गोष्ट सांगितली, कापत्या हातासकट. नदीवर जन्म काढलेल्या म्हाळूला पाणी आधी पल्याडच्या कुरणातच शिरणार, हे ठाऊक होतं, म्हणूनच त्यानं होडी रिकामी नेली होती. गावाला मात्र आपली पोतीच दिसत होती. पारावर कुणी हसलं नाही. गोंदाजीनं मान खाली घातली.

चार दिवसांनी बारसं झालं. सासूनं आपल्या हातांनी मूल पाळण्यात घातलं आणि मोठ्यानं नाव घेतलं, "म्हाळू!"

पुढे कुणी गोंदाजीला ती जुनी गोष्ट सांगायला लावलं, तर तो म्हणायचा, "मला अर्धीच ठाऊक आहे. सगुणाच्या दारी जा."

तात्पर्य : कुणाचीही गोष्ट ऐकली, की सांगणारा कुठं उभा होता आणि कुठल्या सुरात बोलला, हे आधी विचारावं, तोवर ती खरी-खोटी ठरवू नये.