माणकोबानं सोडलेलं फळ

"...मग महाराज, मी सोडलं तरी काय?"

माणकोबाचा आवाज नेहमीसारखा ठाम नव्हता.

भवानगीर महाराज मठाच्या ओट्यावर बसून टोपलीतली सीताफळं दाबून पाहत होते. पिकलेली एका बाजूला, कच्ची ज्वारीत पुरायला.

"नीट सांग," ते म्हणाले.

गेल्या वर्षी माणकोबा हरिद्वारला जाऊन आला होता. तीर्थावर आपलं आवडतं फळ सोडून यायचं, म्हणून त्यानं सीताफळ सोडलं. मठाचा सगळा डोंगर सीताफळांचा, आणि लहानपणापासून त्याचा जीव त्या फळावर. तेच सोडलं म्हटल्यावर गावानं त्याला मान दिला. मठाच्या पंगतीत तो महाराजांशेजारी बसू लागला. कुणी सीताफळ पुढं केलं की डोळे मिटून म्हणायचा, "आम्ही सोडलंय."

काल मथुरेकडचा एक बैरागी मठात उतरला. माणकोबानं त्याला टपोरं फळ दिलं, आणि आपल्या त्यागाची हकिकतही ऐकवली.

बैरागी हसला. म्हणाला, हा तर शरीफा. सीताफल आमच्याकडे भोपळ्याला म्हणतात.

"भोपळ्याला?" महाराजांचा हात टोपलीतच थांबला. "लाल भोपळ्याला?"

"हो. आपलं डांगर."

"आणि याला शरीफा... आणखी काय म्हणतात?"

"बंगालीत याला 'आता' म्हणतात, असं तो सांगत होता."

"आता..." महाराजांनी शब्द तोंडात घोळवला. "छान आहे. आपले तालुक्याचे डॉक्टर याला कस्टर्ड ॲपल म्हणतात."

माणकोबाला हे रुचलं नाही. इथं त्याच्या जिवाला घोर लागला होता.

"महाराज, पंड्यानं माझ्या हातावर पाणी सोडलं ते सीताफल म्हणून. 'बस, इतकंच?' असंही म्हणाला. मला तेव्हा त्याचा रागच आला. म्हणजे सुटला तो भोपळा. आणि भोपळ्याची भाजी तर मी वर्षभर मागून मागून खाल्ली..."

"पाणी सोडलं तेव्हा तुझ्या मनात काय होतं?"

"हेच फळ."

"मग हेच सुटलं."

माणकोबाला क्षणभर हायसं वाटलं. पण शंका जाईना.

"पण गंगामाईनं ऐकलं ते..."

"तिला मराठी कळत नाही म्हणतोस?"

माणकोबा घुटमळला. मग छाती पुढं काढून म्हणाला, "नको महाराज, संशयच नको. मी दोन्ही सोडतो. भोपळासुद्धा. उद्या पंगतीत सगळ्यांना सांगून टाकतो."

महाराजांनी एक पिकलेलं सीताफळ उचललं आणि दोन्ही अंगठ्यांनी अलगद उकललं. पांढरा गर मोकळा झाला. ओटाभर वास पसरला.

"वर्षभरात याची कधी आठवण झाली?"

माणकोबा 'रोज' म्हणणार होता.

खरंच आठवण झाली होती का? 'आम्ही सोडलंय' म्हटलं की सगळी पंगत वळून त्याच्याकडे बघायची. तेवढ्यानंच त्याचं पोट भरायचं. फळाकडे त्यानं कधी नीट पाहिलंही नव्हतं.

"फारशी नाही..." तो हळूच म्हणाला.

महाराजांनी मान हलवली.

"मग आता मी सोडू तरी काय?"

महाराजांनी अर्धं फळ त्याच्या ओंजळीत ठेवलं.

"उद्या पंगतीत बसून, सगळ्यांदेखत सीताफळ खा."

माणकोबाचा चेहरा उतरला.

"महाराज... लोक नावं ठेवतील."

"ठेवू देत," महाराज आपल्या हातातल्या अर्ध्या फळाकडे बघत म्हणाले. "याला काय कमी ठेवलीत?"