सरड्याचा दुसरा डोळा

जनावरं माणसांसारखी बोलायची त्या काळी तळ्याकाठच्या बाभळीवर एक सरडा राहायचा. मंत्र म्हणून तो मागेल त्याला मागेल ते द्यायचा, पण दर वेळी काहीतरी भलतंच व्हायचं. गाढवाने गोड गळा मागितला, तर गळा राहिला तसाच आणि शेपटी गायला लागली. हे बघायला सगळं रान लोटायचं. खार सगळ्यांत पुढे बसायची, आणि डोळे कधी न उघडलेल्या आपल्या पिल्लाला, कुणाची कशी फजिती झाली ते हसत हसत सांगायची.

पुढे बसून तिने एक हेरलं होतं. मंत्र म्हणताना सरड्याचा एक डोळा मागणाऱ्यावर असे, दुसरा गर्दीवर. मंत्र बिघडायचा तो तिथेच.

एके दिवशी ती पिल्लाला घेऊन बाभळीखाली उभी राहिली. "बुवा, याला दृष्टी द्या. आज तेवढे दोन्ही डोळे माझ्या लेकराकडे ठेवा."

सरड्याने ठेवले. मंत्र सरळ चालू लागला. पिल्लाच्या पापण्या थरथरल्या. तेवढ्यात माकडाने मोठ्याने जांभई दिली. "आज काही मजा नाही बुवा," ते म्हणालं. रानडुक्कर तर उठून चालूच लागलं. सरड्याचा एक डोळा हळूच गर्दीकडे वळला.

पिल्लाच्या पापण्या मिटलेल्या त्या मिटलेल्याच राहिल्या. त्याच्या शेपटीवर मात्र मोरपिसाचे शंभर डोळे उमटले. सगळं रान हसून गडाबडा लोळलं.

तो कल्लोळ ऐकून पिल्लू टाळ्या पिटू लागलं. "आई, आज कुणाची फजिती झाली गं? सांग ना, मलाही हसायचंय."