डिंकाची पकड

घरोघरी डिंक भिजवून खळ करत, त्या काळची गोष्ट. यमुनाक्काला वडिलांमागे तांब्याचं एक जुनं नाणं मिळालं. हरवू नये म्हणून त्यांनी ते पुठ्ठ्यावर चिकटवलं होतं. पुठ्ठा निघाला, पण वाळलेला डिंक नाण्याला सोडेना.

“हट, नाहीतर खरवडून काढीन!” सुरी गुरगुरली. डिंक आणखीच घट्ट बसला. ओरखडा उठला तो नाण्यावर. नाणं कळवळलं.

यमुनाक्काने सुरी ठेवली आणि नाणं वाटीभर कोमट पाण्यात सोडलं.

पाणी म्हणालं, “डिंकदादा, इतकी वर्षं तुम्ही याला सांभाळलंत. आता लेकीच्या हाती द्या.”

असं डिंकाला कधी कुणी म्हटलं नव्हतं. दुपारपर्यंत तो विरघळला, आणि नाण्यावरची अक्षरं यमुनाक्काच्या बोटांना लागली.