परातीतले दोन पेले

“मग काय, ‘हा माणूस पीत नाही’ अशी पाटी गळ्यात अडकवून बसू?”

सुहास कर्णिकनं हे विचारलं तेव्हा त्याच्या हातात पळी होती आणि चुलीवर आल्या-गुळाचा पाक उकळत होता.

उमेदगीर बुवा सुपात लसूण घेऊन सोलत होते. ते सोलतच राहिले.

“उद्या केतकीचा साखरपुडा आहे, बुवा. एकुलती एक मुलगी माझी. संध्याकाळी आमच्या पुण्याच्या घरी, गच्चीवर, दोन्हीकडची माणसं बसणार. व्याही हौशी आहेत. त्या दिघ्यांनी मुद्दाम निरोप धाडलाय, थंडी आहे तर कर्णिकांच्या हातचं काहीतरी गरम होऊ द्या.”

“मग कर की.”

“करणारच आहे. पण मी स्वतः घेत नाही म्हटलं तर का म्हणून विचारतील. आणि का ते सांगितलं, तर...”

“तर?”

“तर माझी पोर दारुड्याची मुलगी म्हणून त्या घरात जाईल.”

खोलीत बसलेले आम्ही सगळेच दारुडे होतो.

पसरणी घाट चढून गेलं की आडबाजूला बुवांची मठी आहे. दारू सोडायची म्हणून आलेली माणसं तिथं राहतात. शेण काढतात, लाकडं फोडतात, रात्री एकमेकांचं घोरणं ऐकतात. बुवाही एके काळी आमच्यातलेच. दाढी काळी होती तेव्हा मठीतली घंटा विकून प्यायलेला माणूस. त्यानंतर कधी थेंब घेतला नाही, पण ‘मी सुटलो’ असं म्हणताना मी त्यांना एकदाही ऐकलेलं नाही.

मठीची एक रीत आहे. येताना ज्याच्याजवळ जी शेवटची बाटली असेल, ती फेकायची नाही. तिच्यावर आपलं नाव लिहून ती चुलीवरच्या फळीवर ठेवायची, उघड, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. बुवा म्हणतात, दडवलेली बाटली हाका मारते, समोरची गप्प बसते. पहिल्या महिन्यात यावर माझा काडीचा विश्वास नव्हता. नंतर बसला.

सुहास आमच्यातला शहाणा. मोठ्या हॉटेलात बार सांभाळलेला माणूस. आपली जीभ म्हणजे सोनाराचा काटा, असं तो स्वतःच सांगे. आठवडाभर त्यानं स्वयंपाकघर अडवलं होतं. फळीखाली त्याच्या सिरपच्या तीन बरण्या उभ्या होत्या. एक आल्या-गुळाची, एक संत्र्याच्या सालीची दालचिनी घालून, आणि एक तुतीची. आम्हाला मात्र चहात आलं मिळेनासं झालं होतं.

“ऐका तर माझी युक्ती,” तो बुवांसमोर उकिडवा बसला. “पेले सगळे सारखे. सिरप तेच, वरून सफरचंदाचा गरम रस तोच, संत्र्याची साल तीच. पिणाऱ्यांच्या पेल्यात तळाला रम. ते कॉकटेल. बाकीच्यांच्या आणि माझ्या पेल्यात रमच्या जागी कोरा चहा. ते मॉकटेल.”

“नावं छान आहेत,” बुवा म्हणाले.

“चहानं जीभ तुरट होते. मिरी-लवंगेनं घसा जळतो. जाळलेल्या साखरेनं रंग येतो. सगळं रमसारखं, फक्त रम नाही. मी पैजेवर सांगतो, कोणालाही फरक कळणार नाही.”

“कोणालाच?”

“कोणालाच.”

“तुला?”

सुहास हसला. “बुवा, ही माझी जीभ आहे.”

बुवांनी लसणाचं सूप बाजूला सारलं.

“कर मग. दोन कर. एक असा, एक तसा.”

“तसा कसा करू? इथं रम कुठाय?”

बुवांनी मान वर केली आणि फळीकडं पाहिलं.

...

नागेश म्हणून एक ट्रकवाला नुकताच आला होता. तो उठला आणि बाहेर निघून गेला. बुवांनी त्याला जाऊ दिलं. दार ओढून घ्यायला सांगितलं तेवढंच.

मग ते स्वतः उठले. सुहासचीच बाटली काढली. अर्धी भरलेली. अंगावरच्या छाटीच्या टोकानं तिच्यावरची धूळ पुसली.

“मी तिला हात लावणार नाही,” सुहास म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता.

“तुला कोण सांगतंय? तू सिरप घाल.”

त्यानं स्टीलचे दोन पेले घेतले. दोन्हींत सिरप मोजून घातलं. एका वाटीत कोरा चहा ओतला, तेवढीच दुसरी रिकामी वाटी शेजारी ठेवली. रसाचं पातेलं उतरवलं. एरवी हे सगळं करताना त्याची बडबड चाले, कोणत्या मंत्र्याला काय आवडायचं वगैरे. आज नाही.

“आता सगळे भिंतीकडं तोंड करा,” बुवा म्हणाले. “तूही.”

आम्ही वळलो.

बाटलीचं बूच फिरल्याचा आवाज आला. तो आवाज आम्हा सगळ्यांच्या ओळखीचा. मग वाटीत पडणारी धार. मग वास. सहा माणसांच्या त्या खोलीत तो वास असा पसरला, की मी नाकाला उपरणं लावलं.

पेल्यात काहीतरी ओतलं गेलं. पुन्हा काहीतरी ओतलं गेलं.

मग फरशीवर परात फिरल्याचा आवाज. खरर्... खरर्... थांबली असं वाटेपर्यंत पुन्हा खरर्...

“फिरा.”

बाटली फळीवर जागच्या जागी होती. परातीत दोन पेले. दोन्हींतून वाफ निघत होती, दोन्हींवर संत्र्याची साल तरंगत होती.

“तुझा उचल,” बुवा म्हणाले.

सुहास खाली वाकला. डावीकडच्या पेल्यावर नाक धरलं. मग उजवीकडच्या. पुन्हा डावीकडच्या.

त्यानं डोळे मिटून घेतले. खोलीत रमचा वास होताच. तो पेल्यातून येतोय, हवेतून येतोय, की त्यानंच खपून तयार केलेल्या सिरपातून, हे ठरवायचं कसं? त्यानं दोन्ही पेले चुलीच्या उजेडात तिरके करून पाहिले. रंगात तसूभर फरक नव्हता. आपलं काम त्यानं फार चोख केलं होतं.



“चाखून बघू?”

“चाख.”

त्यानं डावा पेला ओठांपर्यंत नेला... आणि खाली ठेवला.

“एका घोटानंच तर सगळं सुरू होतं,” तो पुटपुटला.

बुवा लसणाची सालं गोळा करत होते.

“सांगा ना बुवा, कोणता?”

“ही तुझी जीभ आहे,” बुवा म्हणाले.

मला बुवांचा राग आला. खरंच आला. माणूस उद्या मुलीच्या साखरपुड्याला निघालाय, आणि हे त्याला खेळवतायत. मी तोंड उघडणार तेवढ्यात बुवांनी हात पुढं केला आणि उजवीकडचा पेला उचलला.

“निवायला लागलं. हा माझा, राहील तो तुझा.”

सुहासनं चमकून वर पाहिलं.

“बुवा... तुम्हाला माहीत आहे ना, कोणता कोणता?”

बुवांनी पेला दोन्ही हातांत धरला.

“म्हणजे तुम्ही चहाचाच उचलला असणार.” तो स्वतःशीच बोलत होता. “मग माझ्यात रम आहे... पण तुम्ही मला रम कशी द्याल? मग तुमच्यात... बुवा?”

बुवांनी पेल्यावर फुंकर घातली.

“बुवा, थांबा.”

पेला वर गेला. दाढीच्या केसांना वाफ लागली.

“बुवा!”

सुहासनं झडप घातली. बुवांचं मनगट त्यानं दोन्ही हातांनी धरलं. गरम रस त्याच्या बोटांवर सांडला, बुवांच्या मांडीवर सांडला, तरी त्यानं मनगट सोडलं नाही.

“वेड लागलंय का तुम्हाला? इतक्या वर्षांनी! एक घोट चुकून गेला असता तर?”

“तर काय? कोणाला कळणार होतं?”

“मला कळलं असतं ना! मी समोर बसलोय ना तुमच्या!”

“म्हणून हात धरलास.”

“धरणार नाही तर काय करू?”

“उद्या गच्चीवर तुझा कोण धरेल?”

सुहासची पकड ढिली झाली.

“बोल.”

“कोणाला...” तो थांबला. “कोणाला कळणारच नाही अशी सोय केलीय मी. मग धरणार कोण?”

बुवांनी पेला परातीत ठेवला.



थोड्या वेळानं सुहास उठला आणि अंगणात गेला. मठीत फोनची रेंज फक्त कुंपणाच्या दगडी गडग्यापाशी येते, तीही धड नाही. त्यामुळं जो तो स्पीकर लावून ओरडून बोलतो आणि कोणाचं काही गुपित म्हणून राहत नाही. बुवांनी दोन्ही पेले उचलले, मोरीत उपडे केले, वर तांब्याभर पाणी ओतलं.

“केतकी, ऐक,” बाहेरून सुहासचा आवाज आला. “उद्या सिरपं माझी. रम ओतायला मात्र दुसरा कोणी बघा. मी बाटलीजवळ उभा राहणार नाही. आणि माझा पेला वेगळा हवा. पितळी, नाहीतर रंगीत, कसलाही. लांबून दिसेल असा.”

“बाबा... पण दिघेकाकांना...”

“त्यांना मी सांगतो. आत्ता सांगतो. लग्न मोडायचं असेल तर आज मोडू दे, बेटा. नंतर मोडण्यापेक्षा...”



पलीकडून नुसती खरखर आली. मला वाटलं, रेंज गेली.

“बाबा, हे आधी आईला सांगा,” मुलगी म्हणाली. ती रडत होती. “तिला झोप नाहीये.”

“का? काय झालं नीलिमाला?”

“परवा ती दुकानातून रमची क्वार्टर घेऊन आली.”

“नीलिमा? तिला तर वासानं मळमळतं!”

“ओट्यापाशी उभी राहून चमच्यानं थोडी थोडी चाखत होती. मी बाटली हिसकावली तर म्हणाली, मला चव ओळखता आली पाहिजे. तुझ्या बाबांचा प्रत्येक पेला आधी मी तोंडाला लावणार आहे.”

...

सुहास गडग्याला टेकून खाली बसला. फोन तसाच चालू होता आणि त्यातून “बाबा, बाबा” ऐकू येत होतं. नागेश, तो ट्रकवाला, कुठूनसा आला आणि त्याच्या शेजारी जाऊन बसला. मला भरून आलं. मी ते लपवलं नाही, लपवण्यासारखं त्यात काही नव्हतं.

मग सुहासनं दिघ्यांना फोन लावला. या वेळी त्यानं स्पीकर बंद केला. आम्हाला फक्त त्याची वाक्यं तुटकतुटक ऐकू आली. “हो, मीच... नाही, आजारी नव्हतो, दारू सोडायला इथं आहे... नाही, तिचा यात काही दोष नाही... ठीक आहे. तुम्ही घरात बोला. मी वाट बघतो.”

तो आत आला तेव्हा चूल विझत आली होती. त्यानं दोन लाकडं सारली, भाजलेली बोटं पाण्यात बुडवून बसला. दिघे काय म्हणाले ते कोणी विचारलं नाही. त्यालाही अजून माहीत नव्हतं.

बऱ्याच वेळानं तो म्हणाला, “बुवा, एक सांगा. आता तरी सांगा. तुम्ही उचललात त्या पेल्यात काय होतं?”

बुवांनी लसणाचं सूप पुन्हा पुढ्यात ओढलं.

“मला काय ठाऊक? परात फिरवताना मीही डोळे मिटले होते.”