बुजगावण्याचे हात

पाखरं बुजगावण्यांशी बोलत, तेव्हाची गोष्ट. हरभऱ्याच्या शेतातल्या एका बुजगावण्याला मोठी घमेंड होती, की आपल्या धाकानं एक पाखरू इकडे फिरकत नाही. घाटेअळ्या रोज म्हणायच्या, "दादा, तुम्ही आहात म्हणून आम्ही निर्धास्त!" ते ऐकून बुजगावणं फुलून जायचं.

एके सकाळी त्याचं लक्ष पायाशी गेलं. घाट्याघाट्याला भोक पडलेलं, आत दाणा नाही. त्यानं बांधावरच्या कोतवाल पक्ष्याला हाक मारली, "बाबा रे, ये, या अळ्या वेच."

"येतो की. पण बसू कुठं? हरभऱ्याच्या झाडाला माझा भार सोसत नाही."

बुजगावण्यानं आपल्या पसरलेल्या हातांकडे पाहिलं. "इथं बस."

कोतवाल हातावर बसला, तशा अळ्या ओरडल्या, "दादा, हे काय करताय?"

"राखण," बुजगावणं म्हणालं. "आजपासून."