खोळीतला संगणक

अख्ख्या शाळेत एकच संगणक असायचा, त्या काळातली ही गोष्ट. असाच एक संगणक एका कुलूपबंद खोलीत राहायचा. अंगावर बारा महिने खोळ. पोरं बाहेर चपला काढून आत यायची, हाताची घडी घालून बसायची आणि लोखंडे सर फळ्यावर त्याचे भाग लिहून द्यायचे.

पहिल्याच तासाला वनिता नावाच्या पोरीनं विचारलं, "सर, मी सांगितलं तर हा माझं नाव लिहून दाखवील?"

संगणक हरखून गेला. पण सर खेकसले, "आधी व्याख्या पाठ कर. हात लावलास तर बिघडेल."

पुढे पोरं जांभया देऊ लागली, तेव्हा विषय रंजक करायचं ठरलं. म्हणजे काय, तर भिंतीवर माकडं रंगवली आणि व्याख्यांना चाली लावल्या.

"अरे, मला नुसतं चालू तरी करा!" संगणक आतून ओरडला.

"गप बस," खोळ म्हणाली. "दसऱ्याला हार मिळतो, हळदकुंकू लागतं. आणखी काय हवंय तुला?"

चार वर्षांनी साहेब तपासणीला आले. वनितानं सगळ्या व्याख्या चालीत म्हणून दाखवल्या.

"शाब्बास!" साहेब म्हणाले. "आता चालू करून दाखव बघू."

सरांनी खोळ काढली. संगणकानं श्वास रोखला. वनिता पुढे आली. मग तिला जेवढं ठाऊक होतं तेवढं तिनं केलं. डोळे मिटले, हात जोडले आणि टेबलाला डोकं टेकवलं.